डोळ्यांखालचे हलके

दोन वर्षांपूर्वी रमजान आणि दहावीचे पेपर एकाच महिन्यात आले. पहाटे सेहरीला उठायचं, फजरनंतर झोप लागायची नाही, मग शाळा, दुपारी पेपर तपासणी, संध्याकाळी इफ्तारची घाई आणि रात्री तरावीह. पंधराव्या रोजाला नववीच्या वर्गात शिरले, तर पहिल्या बाकावरची मुलगी काळजीच्या आवाजात म्हणाली, “टीचर, तुम्ही रडलात का?” मी रडले नव्हते. घरी येऊन आरशात पाहिलं तेव्हा तिचा प्रश्न रास्त वाटला.

उर्दूत डोळ्यांखालच्या या काळ्या वर्तुळांना ‘हलके’ म्हणतात. हलका म्हणजे कडं, वेढा, घेर. मतदारसंघालाही उर्दूत हलकाच म्हणतात. माझ्या विद्यार्थिनींना या शब्दाचं हसू येतं, कारण मराठीत हलकं म्हणजे वजनाला कमी, आणि डोळ्यांखालचे हलके तर चेहरा जड करून टाकतात.

ईदच्या खरेदीला आलेल्या भाचीनं माझा अवतार पाहून पर्समधून दोन काड्या काढल्या. “खाला, पहले ये ऑरेंजवाला, फिर उसके ऊपर ये.” नारिंगी रंग डोळ्यांखाली? मला ती थट्टा वाटली. पण तिनं बोटानं थोपटून लावलं, वर कातडीच्या रंगाचा थर दिला, आणि पाच मिनिटांत माझ्या चेहऱ्यावरचा अर्धा रमजान नाहीसा झाला. हे आलं कुठून, हे शोधायची खोड मला तिथून लागली. जे सापडलं ते इथे लिहिते आहे.

आधी त्या नारिंगी रंगाचं कोडं. डोळ्यांखालची कातडी शरीरातल्या सर्वांत पातळ कातडीपैकी आहे. खालच्या रक्तवाहिन्यांचा निळसर-जांभळा रंग तिच्यातून दिसतो. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत तिथे रंगद्रव्यही जास्त साठतं, आणि ते बऱ्याचदा आईबापांकडून आलेलं असतं. कितीही झोपलं तरी जात नाही. त्यावर नुसता फिका रंग चोपडला तर राखाडी दिसतं, मढ्यासारखं. निळ्याच्या समोरचा रंग नारिंगी. तो आधी लावला की निळेपणा मरतो. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलिन विणकामशाळेत रंगखात्याचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या धाग्याबद्दल तक्रारी यायच्या. तपासल्यावर त्याच्या लक्षात आलं की दोष धाग्यात नाही, शेजारी विणलेल्या रंगात आहे. त्यावर त्यानं 1839 साली मोठा ग्रंथ लिहिला. समोरासमोरचे रंग शेजारी ठेवले तर एकमेकांना उठाव देतात, आणि एकमेकांत मिसळले तर एकमेकांना मारतात, हे चित्रकार आणि रंगारी जाणतातच. माझ्या भाचीला शेव्रल माहीत नाही, पण तिचं बोट त्याच वाटेनं चालतं.

सूज मात्र रंगानं जात नाही. काळेपणा हा रंग आहे, सूज हा आकार. डोळ्यांखाली फुगवटा आला की त्याच्याखाली सावली पडते. फुगवट्यावर उजळ रंग लावला तर तो आणखी पुढे आल्यासारखा दिसतो. लावायचा असतो तो खालच्या खोबणीत, सावली पडते तिथे. सकाळी आरशासमोर गडबडीत नेमकं उलटं होतं, आणि मग बायका म्हणतात की हे रंगच बोगस आहेत.

आता मागे जाऊ. मला सर्वांत गंमत वाटली ती अशी की जगानं हजारो वर्षं डोळ्यांभोवतीचं काळं लपवलं नाही, उलट लावलं. इजिप्तच्या थडग्यांत सुरम्याच्या कुप्या सापडतात, आणि त्या बायकांच्याच नव्हे, पुरुषांच्याही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या अशा कुप्यांमधली भुकटी शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा तिच्यात गॅलेना, म्हणजे शिशाचा काळा चमकदार दगड, आणि त्यासोबत शिशाचे काही पांढरे क्षार निघाले. हे क्षार निसर्गात इतक्या प्रमाणात मिळत नाहीत. ते मुद्दाम बनवलेले होते. आपल्याकडे चरकसंहितेत सौवीरांजन रोज घालावं आणि डोळ्यांतलं पाणी काढायला रसांजन पाचव्या किंवा आठव्या रात्री घालावं असं सांगितलं आहे. म्हणजे काजळ-सुरमा हा शृंगार होता तितकीच ती दिनचर्या होती, दात घासण्यासारखी.

अरबीत सुरम्याला ‘कुह्ल’ म्हणतात, आणि डोळ्यांच्या वैद्याला ‘कह्हाल’, म्हणजे शब्दशः सुरमेवाला. ‘अल-कुह्ल’ हा शब्द युरोपात गेला तो आधी बारीक भुकटी या अर्थानं, मग कशाचाही अर्क या अर्थानं, आणि शेवटी दारूचा अर्क म्हणून ‘अल्कोहोल’ झाला. वर्गात हे सांगितलं की मुलं खूश होतात. सुरम्याचा शब्द दारूच्या बाटलीवर जाऊन बसला, यापेक्षा मोठा शब्दाचा प्रवास मला तरी ठाऊक नाही.

या कह्हालांनी केलेलं काम मोठं आहे. अली इब्न ईसा हा बगदादचा कह्हाल इसवी सन 1000 च्या आसपासचा. त्याच्या ‘तज़किरतुल कह्हालीन’ या ग्रंथात डोळ्यांच्या सव्वाशेहून अधिक विकारांची नोंद आहे. युरोपात तो लॅटिनमधून शतकानुशतकं वाचला गेला. त्याच काळात स्पेनमध्ये, कॉर्डोबाजवळच्या मदीनतुज़-ज़हरा इथे, अबुल कासिम ज़हरावी लिहीत होता. त्याच्या ‘किताबुत तसरीफ’चे तीस भाग. शेवटचा शस्त्रक्रियेचा भाग सगळ्या जगाला माहीत आहे, पण एकोणिसावा भाग सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा आहे. ज्या हातांनी शस्त्रक्रियेच्या अवजारांची चित्रं काढली, त्याच हातांनी अत्तर आणि केसांच्या तेलाचे नुस्खे लिहिले. दिसणं नीटनेटकं असणं हा त्याच्या लेखी वैद्यकाचाच भाग होता. आपल्या काही लेखकांना इस्लामी विज्ञानाची यादी देताना हा एकोणिसावा भाग गाळायची सवय आहे. का गाळावा, मला कळत नाही.

आमच्या घरात सुरमा दादीचा. तिची पितळेची सुरमेदानी मोराच्या आकाराची, मोराची मान ओढली की सळई बाहेर. झोपण्यापूर्वी ती घरातल्या लहान मुलांना एकेक करून मांडीवर आडवं पाडायची आणि सळई फिरवायची. रात्री सुरमा घालणं ही सुन्नत, एवढं तिला पक्कं ठाऊक. हदीसमध्ये ‘इस्मिद’ची शिफारस आहे, त्यानं नजर साफ होते आणि पापण्यांचे केस वाढतात अशा अर्थाची. शब्दकोश इस्मिदचा अर्थ अँटिमनीचा दगड असा देतात. पण बाजारात आज सुरमा म्हणून जे विकलं जातं, ते पुष्कळदा गॅलेना असतं, म्हणजे शिसं. दोन्ही दगड काळे, दोन्ही चमकदार, कुटून भुकटी केली की डोळ्यांना फरक कळत नाही. पोटात गेल्यावर कळतो.

आम्हाला तो असा कळला. माझ्या भावाचा मुलगा दीड वर्षाचा होता. सारखा किरकिरायचा, पोट दुखायचं, वजन वाढेना. बालरोगतज्ज्ञांनी त्याच्या डोळ्यांकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, “सुरमा घालता का?” रक्ततपासणीत शिसं जास्त निघालं. मूल डोळे चोळतं आणि तोच हात तोंडात घालतं, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. त्या रात्री मी घरातल्या सगळ्या पुड्या फेकल्या, मोर साबणानं तीनदा धुतला आणि कपाटात ठेवला. दादी माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “हमने तो तेरे बाप को भी लगाया था.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

हे काही आमच्याच घरचं नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुलांमध्ये हाच प्रकार दिसला आणि 1978 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सुरमा आणि शिशाची विषबाधा यावर लेख छापून आला. अमेरिकेत कोहल हा रंग म्हणून प्रसाधनात वापरायला परवानगीच नाही. आपल्याकडेही रंगासाठी शिशाचे आणि आर्सेनिकचे क्षार प्रसाधनात घालायला कायद्यानं बंदी आहे. पण मोहल्ल्यातल्या दुकानात, हजहून आलेल्या पाहुण्याच्या बॅगेत, जत्रेत, उरुसात जी पुडी मिळते, तिच्यावर काय लिहिलेलं असतं? पुष्कळदा काहीच नाही. सुन्नतचा आदर मला आहेच. पण सुन्नत इस्मिदची सांगितली आहे, शिशाची नव्हे. आणि मुलाचं रक्त तपासून आल्यावर ‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घालतात’ हा दाखला मी तरी मानणार नाही.

शिशाची दुसरी बाजू पांढरी. अरबीत ‘इस्फिदाज’, आपल्याकडे सफेदा. युरोपच्या खानदानी बायका शतकानुशतकं चेहऱ्यावर हाच थर देत होत्या. त्याखाली देवीचे व्रण, डाग, डोळ्यांखालचं काळं, सगळं झाकलं जायचं. रोज लावून कातडी खराब व्हायची, मग ती झाकायला आणखी जाड थर. इंग्लंडच्या दरबारातली देखणी मारिया गनिंग, काउंटेस ऑफ कॉव्हेंट्री, 1760 साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारली, आणि लोकांनी ठपका तिच्या सफेद्यावर ठेवला. पुढे जस्ताचा सफेदा आला आणि शिसं हळूहळू मागे पडलं. बर्लिनचा ऑपेरा गायक लुडविग लाइखनर यानं 1873 मध्ये नटांसाठी चरबीतल्या रंगांच्या कांड्या बनवायचा कारखाना काढला. गॅसच्या आणि नंतर विजेच्या उजेडात पूर्वीच्या कोरड्या भुकट्या पोपडे धरत. या कांड्या चेहऱ्यावर सरकत आणि टिकत.

पण डोळ्यांखालचं काळं ही खरी अडचण झाली ती कॅमेऱ्यामुळे. मूकपटांच्या काळातल्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. चेहऱ्यावरची लाली, लाल डाग, थकलेल्या डोळ्यांची लालसर कड, सगळं पडद्यावर काळं उमटायचं. नाटकात दहाव्या रांगेतल्या माणसाला जे दिसत नाही, ते सिनेमात चेहरा भिंतीएवढा झाल्यावर सगळ्या थिएटरला दिसू लागलं. पोलंडहून 1904 मध्ये अमेरिकेत आलेला मॅक्स फॅक्टर नावाचा ज्यू विगकार लॉस एंजेलिसमध्ये यावर उपाय शोधत बसला. 1914 मध्ये त्यानं सिनेमासाठी पातळ, लवचीक ग्रीसपेंट काढलं, कारण नाटकाचा जाड थर कॅमेऱ्यापुढे हसताना तडकायचा. रंगीत सिनेमा आल्यावर ग्रीसपेंट चमकू लागलं, तेव्हा 1937 मध्ये ‘पॅन-केक’ आलं: ओल्या स्पंजानं लावायची वडी. ती इतकी चांगली निघाली की नट्या सेटवरून गुपचूप घरी नेऊ लागल्या आणि कंपनीला ती बाजारात आणावी लागली. मॅक्स फॅक्टर 1938 मध्ये वारला. त्याच्या कंपनीनं 1954 मध्ये ‘इरेस’ नावाची काडी काढली, लिपस्टिकसारखी, पण कातडीच्या रंगाची, फक्त डाग आणि हलके झाकण्यासाठी. नाव बघा: इरेस, खोडून टाक. माझ्या भाचीच्या पर्समधल्या काडीची ही आजी.

याच दुनियेत एक मुंबईची मुलगी होती. मर्ल ओबेरॉन. जन्म 1911, मुंबई. वडील युरोपियन, आईकडून आशियाई रक्त, सगळं बालपण मुंबई आणि कलकत्त्यात. लंडनमार्गे हॉलिवूडला गेली आणि तिची जन्मकथाच बदलून टाकण्यात आली: म्हणे ही ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानियात जन्मली. मिश्र वंशाच्या बाईला नायिका करायला त्या काळचं हॉलिवूड तयार नव्हतं. घरात राहणारी सावळी बाई नोकराणी म्हणून वावरायची. तीच तिला वाढवणारी होती. मर्ल जिला आई म्हणत होती ती खरं तर आजी होती, हेही नंतर बाहेर आलं. 1935 च्या ‘द डार्क एंजल’साठी मर्लला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि तिची मुळं आशियात आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हतं.

1937 मध्ये लंडनला चित्रीकरण चालू असताना मोटार अपघात झाला आणि तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. पुढे छायाचित्रकार ल्युसियन बॅलार्डनं तिच्यासाठी एक छोटा दिवा बनवला. तो कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लागून बसवायचा. उजेड सरळ समोरून आला की चेहऱ्यावर सावलीच पडत नाही: व्रण नाही, सुरकुती नाही, डोळ्यांखालची खोबण नाही. त्या दिव्याला तिच्या नावावरून ‘ओबी’ म्हणतात आणि सिनेमावाले आजही म्हणतात. पुढे बॅलार्डशी तिचं लग्नही झालं. मला ही गोष्ट वाचून आनंद झाला नाही. व्रण झाकायला दिवा मिळाला, पण मुंबई झाकायला तिला 1979 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, खोटं बोलत राहावं लागलं. आपल्या देशात जन्मलेल्या या बाईचं नाव आज मुंबईतल्या किती मुलींना ठाऊक आहे?

याच्या उलट लिडिया ओलेरी. अमेरिकेतली ही तरुणी चेहऱ्यावर जांभळा जन्मखूण घेऊन जन्मली. शिकलेली असूनही चेहऱ्यामुळे नोकरी नाकारली गेली. चित्रं काढता काढता तिला सुचलं की कागदावर एक रंग दुसऱ्या रंगानं झाकता येतो, तर चेहऱ्यावर का नाही? तिनं ‘कव्हरमार्क’ बनवलं आणि 1932 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. हिच्याबद्दल मला अधिक आपुलकी वाटते. तिनं झाकलं, पण काय झाकलं आहे हे जगाला सांगून झाकलं.

भारतात स्वातंत्र्यानंतर परदेशी प्रसाधनांवर खर्च होणारं चलन वाचावं म्हणून टाटांनी 1952 मध्ये ‘लॅक्मे’ सुरू केली. नाव फ्रेंच ऑपेरातलं, आणि ते मूळचं आपल्या ‘लक्ष्मी’चं फ्रेंच रूप. तरी आमच्या लहानपणी मोहल्ल्यातल्या दुकानात चेहऱ्याला लावायचं जे काही मिळायचं, ते गुलाबी पांढरं. आमच्या रंगाचं काही नसायचं. गव्हाळ, सावळा, काळा अशा कातडीसाठी वेगवेगळ्या छटा सहज मिळायला लागल्या त्या अगदी अलीकडे. माझ्या आपाच्या लग्नात तिचे हलके झाकायला लावलेला रंग फोटोत पांढऱ्या चष्म्यासारखा आला आहे. आम्ही अजून अल्बम उघडला की हसतो. आपा हसत नाही.

एक गोष्ट राहिली. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एक आई येऊन सांगते की माझ्या मुलीचा नवरा वारला, तिचे डोळे दुखताहेत, सुरमा घालू का? तिला नकार मिळतो. इद्दतीचे चार महिने दहा दिवस शृंगार नाही, आणि सुरमा हा शृंगार. पुढे फकीहांनी औषध म्हणून गरज असेल तर रात्री घालून सकाळी पुसावा अशी सवलत मान्य केली. लहानपणी मला हा नियम कठोर वाटायचा. आता चाळिशीत त्याची दुसरी बाजू दिसते: एकशेतीस दिवस त्या बाईला कुणी नीटनेटकी, टवटवीत दिसायला सांगू शकत नाही. तिचा थकलेला चेहरा हा तिचा हक्क आहे. हा माझा अर्थ आहे, कुणा आलिमचा नाही. आज नोकरदार बाईला चौथ्या दिवशी कामावर जावं लागतं, आणि ‘बरं नाही का?’ या प्रश्नाला तोंड देण्यापेक्षा ती काडी फिरवून घेते. मीही तेच केलं.

गेल्या वर्षी माझे फूफा वारले. फूफीचं घर आमच्याच गल्लीत. ती अंगणवाडी सेविका. इद्दतीत रजा मिळवताना किती कागद फिरवावे लागले, ते वेगळं लिहीन कधीतरी. एकशेतीस दिवस संपले त्या सकाळी ती कामावर जाण्यापूर्वी आमच्याकडे आली. डोळ्यांखाली काळं असं की बोट ठेवलं तर बोटाला लागेल. मी भाचीच्या दोन्ही काड्या आणून पुढे ठेवल्या. तिनं उघडून पाहिल्या, वास घेतला, ठेवून दिल्या.

“अम्मा की सुरमेदानी है ना तेरे पास?”

मी कपाटातून मोर काढून दिला. “खाली है फूफी. धो के रखी है मैंने.”

“मालूम है,” ती म्हणाली. मान ओढून सळई काढली, दोन्ही डोळ्यांत कोरडीच फिरवली, मोर माझ्या हातात दिला आणि चपला घालून अंगणवाडीकडे गेली.